कड्यावरचा कप्तान

१२ सप्टेंबर

ठमाबाई,

नव्या शाळेत रुजू झालीस, पोरं गुणी आहेत, हे वाचून बरं वाटलं. बाबा फोन का घेत नाहीत, असं तू पुन्हा विचारलंस. अगं, माझं जहाज खडकावर चढलं तेव्हा त्या फोनवर वर्तमानपत्रवाल्यांनी इतकं काय काय विचारलं की आता कुणाचीही घंटी वाजली तरी मी फोन उशीखाली सारतो. शिवाय फोनवर आपण दोघंही ‘बाकी काय’ म्हणतो आणि गप्प बसतो. कागदावर तसं करता येत नाही, काहीतरी लिहावंच लागतं.

माझं ठीक चाललंय. खोली लाँड्रीच्या वर आहे. खाली दिवसभर इस्त्र्या चालतात, त्यामुळे माझी फरशी कोमट असते. अनवाणी फिरायला मजा येते. लाँड्रीवाल्या बाई तोंडाने फटकळ. माझे शर्ट आपल्या ढिगात घुसडून धुऊन देतात आणि वर ऐकवतात, “कप्तानसाहेब, जहाज नाही सांभाळता आलं, निदान कॉलर तरी सांभाळा.” मी हसतो. दुसरं काय करणार?

सकाळी होड्या दुरुस्तीच्या शेडमध्ये रंगकाम करतो. दुपारी कड्यावरच्या वाटेवर असतो. पालिकेने कड्याच्या काठाने कठडा घालून वाट बांधली आहे. जहाज बघायला माणसं लांबून लांबून येतात. दोन वर्षं झाली, ते अजून तिथेच आहे. एका कुशीवर कलंडलेलं, पुढचा भाग लाटांनी खाऊन टाकलेला. भरतीच्या वेळी आत हवा कोंडते आणि मोठ्या जनावराने श्वास सोडावा तसा आवाज येतो. मुलं घाबरतात, मग पुन्हा ऐकायला थांबतात. पालिकेने मला त्या वाटेची देखभाल सांगितली आहे. कागदाचे कपटे उचलायचे, कठडा हलतोय का बघायचा. हलकं काम आहे.

आई कशी आहे? माझी पत्रं तिला वाचून दाखवतेस की नाही ते तू लिहीत नाहीस, म्हणून मीही विचारत नाही.

बाबा


२५ सप्टेंबर

बाबा,

तुम्हाला पालिकेचं काम मिळालं हे वाचून किती हलकं वाटलं म्हणून सांगू. हाताला काम असलं की माणूस भलतंसलतं मनात आणत नाही. आईला पत्र वाचून दाखवलं नाही. जेवणाच्या टेबलावर नुसतं ठेवलं. दुसऱ्या दिवशी बघितलं तर त्याची घडी वेगळी होती. एवढंच सांगते, बाकी तुम्ही समजा.

आता एक विचित्र गोष्ट. आमच्या शाळेतले कवायतीचे सर सुट्टीत बायकामुलांना घेऊन तुमच्याकडच्या कड्यावर फिरून आले. शिक्षकांच्या खोलीत त्यांनी सगळी हकीगत सांगितली. म्हणे, तिथे एक वेडा म्हातारा उभा असतो. लोक जहाजाचे फोटो काढायला लागले की पुढे येतो, टोपी काढतो आणि म्हणतो, “नमस्कार, मी या जहाजाचा कप्तान. चूक माझी होती.” सरांनी हात पाठीमागे बांधून, आवाज खाली नेऊन त्याची हुबेहूब नक्कल केली. मोठ्या बाईंना हसून हसून ठसका लागला. मी कोपऱ्यात वह्या तपासत बसले होते.

बाबा, कोणीतरी तुमचं सोंग घेऊन तिथे तुमची बदनामी करतंय. तुम्ही रोज त्या वाटेवर असता, तुम्हाला तो दिसला असेलच. पालिकेत सांगा. नाहीतर सरळ पोलिसांकडे जा. अशा माणसाला तिथे उभं राहू देऊ नका.

इथे तुमचं नाव कुणाला ठाऊक नाही, हे आपलं नशीब.

ठमी


६ ऑक्टोबर

ठमे,

तो मीच.

पालिकेने मला कसलंही काम दिलेलं नाही. कपटे मी आपणहून उचलतो. तुला खोटं लिहिलं, कारण खरं लिहायला तोंड नव्हतं. तोंड आताही नाही, पण तू माझ्यावरच पोलीस धाडायला निघालीस म्हटल्यावर लिहिणं भाग आहे.

त्या वाटेवर एक फलक लावला आहे. त्यावर छापलंय की वादळात सापडून हे जहाज खडकावर आदळलं आणि त्यावरील खलाशांना वाचवण्यात आलं. लोक तेवढं वाचतात, “चला, सगळे वाचले” म्हणतात आणि जहाजाकडे पाठ करून फोटो काढतात. फलकावर खोटं काही नाही. खलाशी सगळे वाचले. आचारी गेला. आचारी खलाशी नसतो.

तुला तो आठवत असेल. एकदा घरी जेवायला आला होता. जेवण झाल्यावर स्वस्थ बसवेना, म्हणून आईच्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या सुऱ्यांना धार लावून गेला.

चौकशीत मी जे सांगितलं ते खरं होतं, पण अर्धं होतं. इंजिन बंद पडलं तेव्हा माझा दुय्यम अधिकारी म्हणाला, “साहेब, मदत मागवू या.” मी म्हणालो, “थांब, इंजिन सुरू होईल.” सगळ्या नोकरीत मी कधी कुणाला मदतीला बोलावलं नव्हतं आणि त्याचा मला तोरा होता. मदत मागवली तेव्हा खडक दिसायला लागले होते. मग मी माणसं डेकवर गोळा केली. आचारी खाली भटारखान्यात चूल विझवत होता. मी त्याला खाली पाठवलं नव्हतं, ठमे. पण वरही बोलावलं नाही. मी त्याला विसरलो. माणसं मोजताना माझ्या डोक्यात तो आलाच नाही.

म्हणून मी तिथे उभा राहतो. लोक हसतात ते मला दिसतं. पण शंभर हसले तरी एखादी म्हातारी विचारते, “त्याला मुलंबाळं होती का हो?” मी हो म्हणतो. मग ती बाई जहाजाकडे बघते तेव्हा फोटोसाठी बघत नाही.

बाबा


१५ ऑक्टोबर

बाबा,

तो तुम्हीच हे मला माहीत होतं. सरांनी टोपी काढायची नक्कल केली तेव्हाच माझ्या हातातला पेन थांबला. तरी मी तुम्हाला पोलिसांचं लिहिलं. तुम्ही “छे, असा कोणी नाही” असं लिहाल आणि मला ते खरं मानता येईल, अशी मी आशा करत होते.

आचाऱ्याचं वाचून रडले. खोटं कशाला बोलू? पण मला तुमचा रागही आलाय. तुम्ही तिथे रोज उभे राहून आपलं मन हलकं करता. आणि आम्ही? आई शेजारच्या काकूंना सांगते की हे लांबच्या सफरीवर आहेत. दर वेळी ती एखाद्या नव्या बंदराचं नाव घेते आणि मला घरी येऊन विचारते, “हे बंदर आहे ना गं खरंच?” आम्ही ते गाव सोडलं, माझी आधीची शाळा सोडली, आणि आता तुमची नक्कल माझ्या मागोमाग इथपर्यंत आली.

आता मुद्द्याचं. पुढच्या महिन्यात आमच्या शाळेची सहल आहे आणि कवायतीच्या सरांनी तीच जागा ठरवली आहे. मी विरोध केला. म्हटलं, कड्याची वाट आहे, धोका आहे. सगळे म्हणाले, कठडा आहे की. वर्गशिक्षिका म्हणून मला जावंच लागणार.

बाबा, त्या दिवशी तुम्ही तिथे येऊ नका. एवढा एक दिवस. माझ्या वर्गातल्या पोरांसमोर ते वाक्य बोलू नका. मला हे लिहितानाही कसंतरी होतंय, पण लिहिते आहे.

ठमी


२१ ऑक्टोबर

ठमे,

येणार नाही. तारीख कळव. त्या दिवशी शेडमध्ये एका होडीचं काम काढून ठेवतो.

पोरांना टोप्या घालू नकोस, वारा उडवतो आणि पोरं टोपीमागे धावतात. चढ संपला की वाट डावीकडे वळते, तिथे जमीन भुसभुशीत आहे. त्या वळणावर सगळ्यांना आतल्या बाजूने, एकामागोमाग एक ने. स्वेटर लागतील. खाली उतरल्यावर कोपऱ्यावरचं चहाचं दुकान बरं आहे, मुलांना गरम दूध मिळेल.

कसंतरी वाटून घेऊ नकोस.

बाबा


९ नोव्हेंबर

बाबा,

तुम्ही तिथे होतात, सगळं डोळ्यांनी बघितलंत. तरी लिहिते आहे, कारण माझ्या बाजूने काय चाललं होतं ते तुम्हाला दिसलं नसेल.

चढ संपला, वाट वळली आणि तुम्ही दिसलात. पहिल्यांदा मला काय वाटलं सांगू? राग आला. म्हटलं, शब्द दिला होता आणि तरी आलेच. मग बघितलं तर कठड्याचा एक भाग खाली गेलेला, मातीसकट. आणि तुम्ही दोर बांधून त्या खिंडारासमोर हात पसरून उभे. रंगाचे डाग पडलेला सदरा, म्हणजे कठडा कोसळल्याचं कळताच शेडमधून तसेच धावत आला होतात. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, “बाई, मुलांना आतल्या बाजूने घ्या.”

बाई. तुम्ही मला बाई म्हणालात आणि मी म्हटलं, “हो, धन्यवाद.” माझा आवाज इतका नेहमीसारखा निघाला की माझं मलाच भय वाटलं.

मग कवायतीच्या सरांनी तुम्हाला ओळखलं. “अरे, आपले कप्तानसाहेब! मुलांनो, सलाम करा!” पोरांनी कडक सलाम ठोकले आणि हसत सुटली. सर म्हणाले, “सांगा ना साहेब, तुमची गोष्ट सांगा.” तुम्ही म्हणालात, “मी कप्तान नाही. मी फक्त वाट सांभाळायला उभा आहे.” आमच्या वर्गातल्या एका चष्मेवाल्या मुलीने विचारलं, “आजोबा, त्या जहाजात कुणी मेलं का हो?” तुम्ही म्हणालात, “नाही बाळ. सगळे वाचले. फलकावर लिहिलंय ना.”

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. मी एक पाऊल पुढेही टाकलं. पण सरांना वाटलं मी मदतीलाच आले. त्यांनी त्यांचा फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “बाई, आमचा कप्तानांबरोबर एक फोटो काढा.” आणि बाबा, मी काढला. तुमच्या दोन्ही बाजूंना पोरं दात काढून उभी, सरांनी तुमच्या खांद्यावर हात टाकलेला, तुमचे दोन्ही हात दोरात अडकलेले. तुम्ही सरळ माझ्याकडे बघत होतात. मी म्हटलं, “थोडं जवळ या.” हे असं मी म्हटलं.

बसमध्ये मुलं गाणी म्हणत होती. सर फोटो सगळ्यांना दाखवत फिरत होते. माझ्यापर्यंत आले आणि म्हणाले, “छान आलाय हो.” मी हो म्हटलं.

घरी आल्यावर आईने विचारलं, “दिसले का?” मी म्हटलं, “गर्दी होती.”

मला रागवा. काहीतरी रागाचं लिहा.

ठमी


१८ नोव्हेंबर

ठमे,

रागवायचा हक्क असायला हवा. तो मला नाही.

तू समजतेस की मी तुझ्यासाठी खोटं बोललो. सुरुवात तशीच झाली. पण “मी कप्तान नाही” असं म्हटल्यावर मला काय वाटलं ते ऐक. मला बरं वाटलं. पाठीवरचं पोतं कुणीतरी उतरवून घ्यावं तसं. मी एक साधा म्हातारा, हातात दोर, पोरांना सांभाळतोय, इतकंच. त्या मुलीने विचारलं तेव्हा तर “सगळे वाचले” हे माझ्या तोंडून आपसूक निघालं, आणि त्या एका क्षणापुरतं मी ते खरं धरलं. आचाऱ्याला मी दुसऱ्यांदा विसरलो, ठमे. या वेळी वादळ नव्हतं, काही नव्हतं. छान ऊन पडलं होतं.

त्यानंतर मी वाटेवर दोनदा गेलो. माणसं आली, मी टोपी काढली, आणि पुढे शब्दच फुटेना. कुठल्या तोंडाने सांगू? लोक म्हणाले, “काका, बरं वाटत नाही का?” एका बाईने मला पाणी दिलं.

म्हणून ठरवलंय की इथला मुक्काम हलवायचा. खोली डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सोडतो असं लाँड्रीवाल्या बाईंना सांगितलं. त्या नुसती इस्त्री फिरवत राहिल्या. कुठे जाईन ते ठरलं की कळवेन. तुमच्या वाटेत येणार नाही एवढं बघेन.

कठडा दुरुस्त झाला.

बाबा


२ डिसेंबर

बाबा,

खोली सोडली नसेल तर सोडू नका. हे पत्र वेळेवर पोचावं.

मी वर्गात सांगितलं. आधी शिक्षकांच्या खोलीत सांगणार होते, पण तिथे चहा आला, कुणाच्या तरी बदलीचा विषय निघाला आणि माझा धीर सुटला. मग तासाला गेले. हजेरी झाली आणि फळ्याकडे तोंड करूनच म्हटलं, “सहलीत दोर धरून उभे होते ते माझे वडील. ते खरंच त्या जहाजाचे कप्तान आहेत. आणि त्या जहाजावर एक माणूस गेला. आचारी होता.” वळून बघितलं तर सगळा वर्ग माझ्याकडे बघतोय. मागच्या बाकावरची ती द्वाड पोरंसुद्धा.

चष्मेवाली उभी राहिली. मला वाटलं, आचाऱ्याचं विचारेल. तिने विचारलं, “मग बाई, तुम्ही फोटो का काढलात?”

मी म्हटलं, “खाली बस.” ती बसली. मग मलाच राहवेना. मी म्हटलं, “ऊठ. मला लाज वाटली म्हणून काढला. नको होता काढायला.” ती म्हणाली, “हो बाई.” पोरीने तेवढ्यावर सोडलं, बाबा. मोठ्या माणसाने सोडलं नसतं.

शाळा सुटायच्या आत बातमी सगळीकडे झाली. कवायतीचे सर दाराशी येऊन उभे राहिले. चेहरा पार उतरलेला. म्हणाले, “बाई, मला माहीत असतं तर…” मी म्हटलं, “माहीत नसलं म्हणून काय झालं सर, म्हातारा माणूस तर दिसत होता ना?” हे बोलले आणि जीभ चावली, कारण मला तर माहीतही होतं. ते फोटो पुसून टाकायला निघाले. मी म्हटलं, “पुसू नका, मला पाठवा.” आता तो माझ्याकडे आहे. मी रोज बघते. बघवत नाही, तरी बघते.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. दोराचं, सलामांचं, फोटोचं. तिने फोटो मागून घेतला. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, “किती वाळलेत.” आणि उठून आत गेली. आज शाळेतून आले तर घराला कुलूप, किल्ली शेजारच्या काकूंकडे. काकू म्हणाल्या, “आई मोठी पिशवी घेऊन बसस्टँडवर गेली.” कुठे, ते सांगितलं नाही म्हणे.

ती तुमच्याकडेच निघाली असणार. बसमधून उतरल्यावर तिला चक्कर येते, तर न्यायला जा. आणि ती काही बोलली तर ऐकून घ्या. तुम्हाला सुनवायचा हक्क कुणाला असेल तर तो तिला आहे. मला नाही.

शनिवारी मीही येते.

ठमी


६ डिसेंबर

ठमे,

आज शनिवार, तू येतेस, म्हणून हे पत्र तुला मिळायच्या आधी तूच इथे येशील. तरी लिहिते. समोरासमोर हे माझ्याने बोलवणार नाही.

मी आले तेव्हा हे खोलीत सामान बांधत होते. मला बघून हातातली दोरी तशीच धरून उभे राहिले. मी म्हटलं, “चला, मला ते जहाज दाखवा.” त्यांना वाटलं, आधी बसेल, पाणी घेईल. मी म्हटलं, “बसले तर उठायची नाही.”

वाट चढताना हे पुढे, मी मागे. वर पोचल्यावर मी खाली बघितलं. केवढं मोठं गं ते. मला वाटायचं, एखादी मोडकी होडी असेल. दोन वर्षं मी त्याला मनात लहान लहान करत आले होते.

तेवढ्यात पंधरा-वीस माणसांचा घोळका आला. फलक वाचून एक जण म्हणाला, “चला, सगळे सुटले बिचारे.” ह्यांनी टोपी काढली. “नमस्कार, मी या जहाजाचा…” म्हणाले आणि अडले. ओठ हलत होते, आवाज नाही. लोक एकमेकांकडे बघून हसायला लागले. ह्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली आणि मागे सरकले. तुझ्या बापाला मी इतकी वर्षं बघतेय, असा मागे सरकताना कधी बघितला नव्हता.

ठमे, मला त्या वेळी घरी पळून जावंसं वाटलं. खरं सांगते. पाय वळलेही. पण हसणाऱ्यांतला एक जण मला म्हणाला, “आजी, हे काय बोलतायत कळलं का तुम्हाला?”

मी म्हटलं, “कळलं. हे या जहाजाचे कप्तान. मी त्यांची बायको. यात आमचा आचारी गेला. ह्यांनी उशीर केला म्हणून गेला. तो आमच्या घरी जेवलेला माणूस होता.”

सगळं इतक्या मोठ्यांदा बोलले की खालच्या वळणावरची माणसंही वर बघायला लागली. मी कप्तानाची बायको, हे दोन वर्षांत माझ्या तोंडून निघालं नव्हतं. हसणाऱ्या माणसाने मान खाली घातली. त्याच्याबरोबरच्या बाईने हळूच विचारलं, “नाव काय होतं त्यांचं?”

मी ह्यांच्याकडे बघितलं. नाव ह्यांनी सांगितलं. मग बाकीचंही सांगितलं, पहिल्यापासून, न अडखळता. मी कठड्याला धरून सगळं ऐकलं. मदत मागवायला सांगितलं होतं आणि ह्यांनी थांबवलं, हे मला ठाऊक नव्हतं. ह्यांनी तुला लिहिलेलं ते पत्र तू मला दाखवलं नाहीस. ऐकून मला ह्यांचा इतका राग आला की तिथेच चार शब्द सुनावले असते. अजून आहे राग. जाईल असं वाटत नाही. त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, “असू दे.”

सामान पुन्हा सोडलंय. मी पलंगावर, ते खाली फरशीवर. कोमट असते म्हणतात. उद्या रविवार, तिथे गर्दी असते. उद्याही मी त्यांच्याबरोबर वर जाणार आहे. ते सांगतील ते सांगतील, आणि अडले तर मी आहे.

आई